नदी नसलेली दरी: डेथ व्हॅली आणि तिच्या शेजारचा पॅनामिंट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन लास व्हेगासहून दोन दिवस कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीला चाललाय. फोटो बघून नववीतल्या लेकीने विचारलं, "दरी आहे तर ती कोरणारी नदी कुठंय? आणि डोंगरावर बर्फ दिसतो, मग खाली पाण्याऐवजी मीठ कसं?" तुम्ही गुगल केलंत, 'टेक्टॉनिक' एवढा एकच शब्द हाती लागला आणि पोरीचं समाधान झालं नाही.

होणारही नाही. मी भूशास्त्राचा माणूस, गेली बावीस वर्षं नेवाडा आणि पूर्व कॅलिफोर्नियात प्रस्तरभंगांचे, म्हणजे जमिनीच्या कवचातल्या सरकणाऱ्या भेगांचे, नकाशे करतोय. लेकीला सांगा, तिची शंका रास्त आहे. ही दरी नदीने कोरलेलीच नाही. मराठीत आपण व्हॅलीला कधी खोरं म्हणतो, कधी दरी. इथे दोन्ही शब्द फसवतात, कारण दोन्हींत वाहतं पाणी गृहीत धरलेलं आहे. नववीच्या भूगोलातला 'खचदरी' हा शब्द जवळ जातो. तोही अर्धाच बरोबर, कारण ही दरी दोन्ही बाजूंनी सारखी खचलेली नाही.

आधी आकडे. दरीचा तळ, बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. उत्तर अमेरिकेतली सर्वांत खोल जमीन. तिथून पश्चिमेला पंचवीस-तीस किलोमीटरवर पॅनामिंट रांगेचं सर्वोच्च शिखर, टेलिस्कोप पीक, ३,३६८ मीटर. मधला फरक ३,४५४ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटरची. एकीवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी दीडशेहून जास्त मीटर उरतात. आणि हे सगळं एका नजरेत मावतं, कारण मध्ये झाड नाही, धुकं नाही, काहीच नाही.

आता हे झालं कसं? घराच्या अंगणात सैल झालेली शहाबादी फरशी आठवा. एका कडेवर पाय पडला की ती कड खाली जाते आणि समोरची उचलते. पॅनामिंट ही तशी एक फरशी आहे. तिची पश्चिमेची कड, म्हणजे पॅनामिंट व्हॅलीकडची, वर उचलली गेली. तो झाला डोंगरमाथा. पूर्वेची कड खाली गेली. तो झाला डेथ व्हॅलीचा तळ. म्हणजे डोंगर एक आणि दरी दुसरी, असं नाहीच. मीठ ज्या तळावर साचलंय तो पॅनामिंटचाच खाली गेलेला पदर आहे, वर गाळ चढलेला. गाळही थोडाथोडका नाही: पक्क्या खडकापर्यंत पोचायला काही ठिकाणी अडीच किलोमीटरहून अधिक खोल जावं लागेल. डोंगराची जी झीज वरून खाली आली ती तिथेच पुरली गेली आणि तळ मात्र खचतच राहिला, म्हणून भरून निघाला नाही.

फरशीची खालची कड जिथे टेकते तिथे पलीकडे दुसरी रांग उभी आहे, ब्लॅक माउंटन्स. बॅडवॉटरचं पार्किंग तिच्या पायाला खेटून आहे. दोघांच्या मधून प्रस्तरभंग जातो.

फरशा सैल का झाल्या? पश्चिमेला सिएरा नेवाडा आणि पूर्वेला युटातली वासाच रांग यांच्यामधला सगळा पट्टा गेली दीड-दोन कोटी वर्षं पूर्व-पश्चिम ताणला जातोय. कवच ताणलं की तडकतं, तुकडे कलंडतात. म्हणून नेवाडाच्या नकाशावर उत्तर-दक्षिण डोंगर, मग सपाट पट्टा, मग पुन्हा डोंगर अशी वळवळणाऱ्या सुरवंटांसारखी रांग दिसते. डेथ व्हॅलीत याला आणखी एक पीळ आहे. इथे दोन प्रस्तरभंग आडवे सरकतात, एक उत्तरेकडून येणारा, एक दक्षिणेकडे जाणारा, पण ते एका रेषेत नाहीत. दोघांच्या मधल्या जागेत जमीन फाकते आणि खाली बसते. बर्चफील आणि स्ट्युअर्ट या दोघांनी १९६६ साली हे मांडलं आणि ढोबळ चित्र अजून तेच आहे. दक्षिणेकडे या सरकण्याने मधोमध चिरलेली ज्वालामुखीची एक लहानशी टेकडीही आहे, दोन अर्धे एकमेकांपासून सरकलेले. आज दिसते ती दरी साधारण गेल्या तीस लाख वर्षांतली. भूशास्त्रात हे कालपरवाचं. आपला दख्खनचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांचा. बॅडवॉटरच्या मागच्या कड्यातला काही खडक १७० कोटींच्या घरातला. म्हणजे खडक म्हातारे, दरी तरणी. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, पाट्या वाचूनसुद्धा.

हे सगळं मी सांगतो म्हणून मानू नका. तुमच्या लेकीला पुरावा स्वतः बघता येईल, आणि त्यासाठी माझा एकच आग्रह आहे: बॅडवॉटरला आधी जाऊ नका. व्हेगासहून पारम्पमार्गे १९० क्रमांकाच्या रस्त्याने आलात की फर्नेस क्रीक या दरीतल्या वस्तीच्या अलीकडे डावीकडे दांते व्ह्यूचा फाटा लागतो. तो घ्या. रस्ता वरपर्यंत डांबरी आहे, शेवटचा चढ तेवढा तिखट. आई-बाबांना कठड्यापर्यंत चार पावलं चालावं लागेल. उंची १,६६९ मीटर, म्हणजे गाडीतून उतरलात तेच कळसूबाईच्या माथ्याहून थोडं वर, आणि पायाखाली थेट समुद्रसपाटीच्या खालची जमीन. स्वेटर हाताशी ठेवा, वारा बोचतो.

तिथून समोर पॅनामिंटच्या पायथ्याकडे बघा. प्रत्येक घळीच्या तोंडातून गाळाचा एक प्रचंड पंखा खाली पसरलेला दिसेल. शाळेत ज्याला पंखाकृती मैदान म्हणतात तेच. घळीतून सुटलेलं पाणी उघड्यावर आलं की पसरतं, जोर ओसरतो आणि वाहून आणलेले दगडधोंडे तिथेच टाकतं. समोरचे पंखे इतके मोठे की एकमेकांत मिसळून डोंगराला घोळदार झालर लावल्यासारखे दिसतात. आता मान खाली घालून तुमच्या बाजूच्या, ब्लॅक माउंटन्सच्या पायथ्याचे पंखे शोधा. आहेत, पण इवलेसे. टोकदार, उभट, एखाद-दुसऱ्या किलोमीटरचे.

असं का? पहिलं उत्तर सुचतं ते हे की पॅनामिंट उंच, तिथे पाऊस जास्त, घळी लांब, म्हणून गाळ जास्त. खरं आहे, पण पुरेसं नाही. खरी मेख कलण्यात आहे. फरशी पूर्वेकडे झुकतेय. पश्चिमेच्या पंख्यांना त्यामुळे पसरायला उतार आणि जागा मिळत जाते. पूर्वेच्या पंख्यांचे पाय मात्र खचणाऱ्या कडेवर आहेत. जेवढा गाळ येतो तेवढा बुडतो आणि वरून मीठ-चिखल त्यांना झाकतो. दिसतात ती फक्त वरची टोकं.

कलण्याचा दुसरा पुरावा मला जास्त आवडतो, कारण तो जवळजवळ माणसांच्या काळातला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या तळात तीसेक फूट खोल तळं होतं. तळ्याची किनाररेषा सपाटच असणार, पाणी वाकडं उभं राहत नाही. पण आज तीच रेषा मोजली तर पूर्वेकडची बाजू पश्चिमेपेक्षा सुमारे वीस फूट खाली आहे. सम्राट सातवाहनांच्या काळापासून आतापर्यंत फरशी तेवढी कलली. आणि म्हणूनच दरीतला सर्वांत खोल भाग मधोमध नाही, पूर्वेच्या कड्याला चिकटून आहे.

पंख्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझं निम्मं आयुष्य त्यांच्यावर चालण्यात गेलंय. टेलिस्कोप पीकच्या पूर्वेला हानाउपाह घळ आहे, तिचा पंखा सुरुवातीला मला सपाट मैदानासारखा वाटला होता. नोकरीचं पहिलं वर्ष. दरीतल्या कच्च्या रस्त्यावर गाडी लावली, दोन लिटर पाणी घेतलं आणि घळीच्या तोंडाकडे निघालो. तीन तास चाललो तरी डोंगर तेवढाच लांब. मागे वळलो तेव्हा कळलं की मी सहाशे-सातशे मीटर चढून आलोय आणि गाडी ठिपक्याएवढी झालीय. उतार इतका एकसारखा असतो की डोळ्यांना चढ दिसतच नाही, पिंडऱ्यांना कळतो.

त्या पंख्यावर बसून जमीन जवळून पाहिली तर तिचा रंग एक नसतो. काही पट्टे काळपट-तपकिरी, काही फिकट राखाडी. काळा पट्टा जुना, हजारो, लाखो वर्षं ज्यावरून पूर गेला नाही असा. तिथले दगड एकमेकांत इतके घट्ट बसलेले असतात की कुणी चोपून फरसबंदी केलीय असं वाटावं. वारा आणि पाऊस मधली माती हलवतात, दगड वर राहतात. दगडाच्या वरच्या अंगावर लोह आणि मँगनीजचं काळं, तुकतुकीत लुकण चढलेलं असतं, तव्याच्या तळासारखं. दगड उलटा केला तर खालचं अंग नारिंगी. (उलटा केलात तर पुन्हा होता तसा ठेवा. नॅशनल पार्क आहे.) फिकट पट्टा म्हणजे अलीकडच्या पुराची वाट. दांते व्ह्यूवरून हे काळे-फिकट पट्टे स्पष्ट दिसतात, आणि एकदा दिसायला लागले की कुठला पंखा कुठे वाहता आहे, कुठे निजलाय ते नुसत्या नजरेने सांगता येतं.

निजलेला पंखा जागा होऊ शकतो हे मात्र विसरू नका. ५ ऑगस्ट २०२२ ला काही तासांत वर्षभराच्या तीन चतुर्थांश पाऊस कोसळला, फर्नेस क्रीकमध्ये साठेक गाड्या गाळात रुतल्या आणि सुमारे हजार माणसं अडकून पडली. तिथली हॉटेलं पंख्यावरच आहेत, कारण पाणी आणि सावली तिथेच आहे. त्या वस्तीला पुरापासून वाचवायचं म्हणून १९४१ मध्ये फर्नेस क्रीकचा ओढा वरच, झाब्रिस्की पॉइंटजवळ, शेजारच्या गोवर गल्चमध्ये वळवला होता. वस्ती बऱ्यापैकी वाचली. पण त्या चिमुकल्या घळीत अचानक कितीतरी पट पाणी शिरलं आणि तिने स्वतःला खरवडून खोल करून घेतलं. झाब्रिस्कीवर सगळे सूर्योदयाचे फोटो काढतात. माझ्यासारखे लोक पाठ फिरवून त्या घळीकडे बघत बसतात.

आता मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, पाणी आणि मीठ. तिच्या आजोबांना पर्जन्यछाया समजावून सांगायची गरज नाही. महाबळेश्वरात धो धो कोसळतो आणि माण-खटावात ढग नुसते तोंड दाखवून जातात, तोच प्रकार. फरक एवढाच की इथे एक सह्याद्री नाही, ओळीने चार आहेत: किनाऱ्याजवळची रांग, मग सिएरा नेवाडा, मग इन्यो आणि अर्गस, आणि शेवटी पॅनामिंट. पॅसिफिकवरून निघालेला ढग प्रत्येक घाट चढताना पिळला जातो. बहुतेक पाणी सिएराच काढून घेते. पॅनामिंट उरलंसुरलं निपटते. फर्नेस क्रीकला वर्षाला जेमतेम पन्नास-पंचावन्न मिलिमीटर पाऊस पडतो. आणि कोरडी उष्ण हवा वर्षात जवळपास पावणेचार मीटर पाण्याची वाफ करू शकते. हिशेब तिथेच संपतो.

उन्हाळ्याचं कारणही याच रचनेत आहे. डोंगर उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते, सायकलच्या पंपासारखी. तळात पोचते, उघड्या जमिनीवर आणखी तापते, वर उठते, पण अरुंद दरीच्या उंच भिंतींमधून पूर्ण सुटत नाही. थोडी निवते, पुन्हा खाली येते, पुन्हा तापते. १० जुलै १९१३ ला इथे ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली, जगातली अधिकृत सर्वोच्च. काही हवामानशास्त्रज्ञांना त्या नोंदीबद्दल शंका आहे आणि मला ती शंका रास्त वाटते. पण २०२० आणि २०२१ च्या उन्हाळ्यांत आधुनिक उपकरणांवर ५४.४ नोंदले गेलेच आहेत, तेव्हा वाद दोन अंशांचा आहे. त्याच वेळी टेलिस्कोप पीकच्या माथ्यावर वीस-बावीस अंश कमी असतात. तिथे लिंबर पाइन आणि ब्रिसलकोन पाइनची झाडं आहेत, आणि हिवाळ्यात बर्फ.

मग ते बर्फाचं पाणी जातं कुठे? पंख्यात. दगडधोंड्यांच्या त्या ढिगात ते मुरतं आणि पंख्याच्या पायाशी, मिठाच्या कडेला, पुन्हा वर येतं. म्हणून पश्चिमेच्या बाजूला मेस्किटची झुडपं आणि लहान झरे आहेत, आणि पूर्वेला बॅडवॉटरपाशी खारं डबकं. १८४९ च्या हिवाळ्यात सोन्याच्या मागे निघालेल्या वाट चुकलेल्या बैलगाड्या याच पश्चिमेच्या पाणवठ्यांजवळ थांबल्या होत्या. त्यांच्यातले मॅनली आणि रॉजर्स हे दोघे तरुण पायी डोंगर ओलांडून मदत आणायला गेले आणि खरंच परत आले. 'मृत्यूची दरी' हे नाव त्या प्रसंगातून पडलं. पण इथले मूळनिवासी टिंबिशा शोशोनी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहत होते, हिवाळ्यात खाली दरीत, उन्हाळ्यात वर पॅनामिंटमध्ये; खाली मेस्किटच्या शेंगा, वर पिन्यॉन पाइनच्या बिया. डोंगर आणि दरी मिळून एकच घर. २००० सालच्या कायद्याने त्यांना त्यांच्या जमिनीपैकी साडेसात हजारांहून जास्त एकर परत मिळाली. फर्नेस क्रीकजवळ त्यांचं गाव आहे.

फर्नेस क्रीकच्या खजुरांना पाणी देणारे मोठे झरे मात्र पॅनामिंटचे नाहीत. ते पूर्वेकडून, नेवाडातल्या चुनखडीच्या भेगांमधून जमिनीखालून येतात, आणि त्यातलं बरंच पाणी हिमयुगातल्या पावसाचं आहे.

हिमयुगात ही दरी कोरडी नव्हती. सिएराचं पाणी ओवेन्स नदीतून ओवेन्स तळ्यात, ते भरलं की चायना लेकमध्ये, मग सिअर्ल्समध्ये, मग पॅनामिंट व्हॅलीत, आणि फारच ओल्या काळात तिथूनही ओसंडून विंगेट खिंडीतून डेथ व्हॅलीत. रांजणावर रांजण ठेवावेत तसं. दक्षिणेच्या शोअरलाइन ब्यूट टेकडीवर तेव्हाच्या पाण्याच्या रेघा एकाखाली एक अजून आहेत, टाकीच्या आतल्या क्षारासारख्या. सर्वांत मोठं तळं दीड लाख वर्षांमागे, सुमारे १८० मीटर खोल. शेवटच्या रांजणाला बाहेर वाट नाही. पाणी आलं, उडून गेलं, विरघळलेले क्षार मागे राहिले. हे लाखो वर्षं चाललं. मीठ आलं ते असं. (आज ओवेन्सचं पाणी लॉस एंजेलिसच्या नळांना जातं. तो कालवा १९१३ मध्येच पूर्ण झाला, तापमानाच्या विक्रमाच्या वर्षी.)

त्यातलाच टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. १८८३ ते १८८८ या काळात हार्मनी बोरॅक्स वर्क्समधून तो खेचरांच्या गाड्यांनी २६५ किलोमीटर दूर मोहावीच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायचे. कॅरम बोर्डावरची बोरिक पावडर अशाच खनिजांपासून होते, हे मुलीला सांगा. माझ्या भाच्यांवर याचा 'टेक्टॉनिक'पेक्षा जास्त परिणाम झाला होता.

आणि नदी? आहे एक, अमार्गोसा. नेवाडातून निघते, दक्षिणेकडे जाते, वळसा घालून उत्तरेला येते आणि बॅडवॉटरच्या मिठात संपते. बहुतेक वाट वाळूखालून. तिने दरी कोरली नाही, आयत्या खड्ड्यात येऊन पडते. कधीतरी मात्र तळं पुन्हा अवतरतं: ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळात एका दिवसात ५६ मिलिमीटर पाऊस झाला, वर्षाचा कोटा एका दिवसात, आणि बॅडवॉटरवर पाणी साचलं ते फेब्रुवारी २०२४ च्या पावसाने इतकं टिकलं की लोकांनी तिथे होडी वल्हवली. मग जोराच्या वाऱ्याने सबंध तळंच तीनेक किलोमीटर उत्तरेला ढकललं. उथळ पाण्याला वारा असाच खेळवतो.

तुमच्या दोन दिवसांसाठी एवढंच: डिसेंबरात टेलिस्कोपची पायवाट सोडा, वरचा कच्चा रस्ता बर्फाने बंद असू शकतो. पॅनामिंट आतून बघायचा असेल तर वाइल्डरोजच्या कोळसाभट्ट्यांपर्यंत जा, १८७७ च्या दहा दगडी भट्ट्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, अजून आत शिरलं की धुराचा वास. त्या वाटेवर शेवटचे काही किलोमीटर खडीचे आहेत. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघाच, पुरानंतर रस्ते महिनोन् महिने बंद राहतात. पेट्रोल पारम्पलाच भरून घ्या.

बॅडवॉटरला दुपारी तीनच्या आत पोचा. मिठावर निदान अर्धा किलोमीटर आत चालत जा, गर्दीने तुडवलेला भाग मागे टाकून, म्हणजे षट्कोनी कडा दिसतील. उन्हात वाळत घातलेल्या पापडाची कड उचलते तशा उचललेल्या, बोटाने दाबलं तर कुरकुर तुटणाऱ्या. खालून खारं पाणी वर ओढलं जातं, कडेला मीठ धरतं आणि कड फुगते. परत फिरताना कड्यावर बरंच उंच एक पांढरी पाटी दिसेल, 'सी लेव्हल' लिहिलेली. घड्याळातला सूर्यास्त साडेचारच्या सुमाराचा असला तरी त्याच्या पाऊण तास आधीच पॅनामिंटची सावली मिठावरून तुमच्याकडे सरकायला लागते आणि ती पोचली की लगेच थंडी वाजते, तेव्हा आई-बाबांच्या शाली गाडीत ठेवू नका.